काटा हलावा, पण योग्य कारणाने: वर्गात विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवताना

कॉइल, पट्टीचुंबक आणि गॅल्व्हॅनोमीटर (अगदी थोडी धाराही काट्याने दाखवणारा मीटर). साहित्य इतकं थोडं की तयारी करावीशीच वाटत नाही, आणि तासाचा विचका तिथेच होतो. कधी काटा हलतच नाही. कधी हलतो, पण भलत्याच कारणाने: चुंबक मीटरजवळून गेला, टेबलाला गुडघा लागला, तार टर्मिनलमध्ये सैल होती. मुलं वहीत ‘चुंबक आत नेल्यावर विचलन दिसले’ असं लिहून मोकळी होतात. नेमकं काय दिसलं हे त्यांनाही सांगता येत नाही आणि आपल्यालाही.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा. आपल्याला ‘चुंबकामुळे वीज तयार होते’ हे दाखवायचं नाही. कॉइलमधून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलत असते तेवढाच वेळ धारा वाहते, हे दाखवायचं आहे. त्यामुळे खालच्या जवळपास प्रत्येक टप्प्यात काटा हलण्याचा एक प्रसंग आहे आणि न हलण्याचा एक. दुसरा प्रसंग वेळेअभावी गाळला जातो. गाळायचाच असेल तर पहिला गाळा, असं मी अर्धवट गमतीने म्हणतो.

## साहित्य

- ३२ गेजची इनॅमल केलेली तांब्याची तार, सुमारे ५० ग्रॅम
- पुठ्ठ्याच्या किंवा पीव्हीसीच्या दोन सारख्या नळ्या, बाहेरचा व्यास ३ सेंमीच्या आसपास, लांबी ७-८ सेंमी
- मध्यशून्य गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे ज्याचा शून्य मधोमध असतो आणि काटा दोन्हीकडे फिरतो तो
- दोन पट्टीचुंबक आणि एक चुंबकसूची
- मृदू लोखंडाची १२-१५ सेंमी लांब कांब (नसेल तर मऊ लोखंडी तारेचे तुकडे जुडीसारखे बांधा)
- दीड व्होल्टचे दोन सेल, टॅपिंग की (दाबली असेल तेवढाच वेळ परिपथ जोडणारी कळ), रिओस्टॅट (रोध कमी-जास्त करता येणारा रोधक), १० किलोओहमचा रोधक
- निदान दीड-दीड मीटरच्या जोडतारा
- शेवटच्या प्रयोगासाठी तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तिच्यात सहज पण फार सैल नाही असा मावणारा दंडगोल निओडिमियम चुंबक

गॅल्व्हॅनोमीटरऐवजी डिजिटल मल्टिमीटर लावू नका. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. आपली धारा तेवढ्यात येऊन निघूनही जाते, आणि पडद्यावर कधी शून्य तर कधी काहीतरी अगम्य आकडा उमटतो. सलगता तपासायला मात्र तो हाताशी हवा.

## टप्पा १: कॉइल गुंडाळणे

एका नळीवर २५० वेढे, दुसरीवर ५००. साधारण ५ सेंमी रुंदीत गुंडाळायचे. म्हणजे ५०० वेढ्यांना तीन-चार थर लागतात, ५० मीटरच्या आसपास तार जाते आणि कॉइलचा रोध १४-१५ ओहम येतो. प्रत्येक शंभराव्या वेढ्याला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, नाहीतर ३४० झाले की ४३० यावर वाद ठरलेला. दोन्ही टोकं ३० सेंमी मोकळी सोडा.

थर संपला की तार उलट्या दिशेने सरकत परत येईल, पण नळीभोवती फिरण्याची दिशा तीच राहिली पाहिजे. इथे मी स्वतः फसलो आहे. वेळ वाचावा म्हणून एका विद्यार्थ्याकडून २५० वेढे घेतले आणि त्यावर दुसऱ्याला उरलेले २५० घालायला सांगितले. पहिला उजव्या हाताने गुंडाळणारा, दुसरा डावखुरा. सलगता उत्तम, रोध अगदी बरोबर, आणि काटा ढिम्म. अर्ध्या वेढ्यांचं प्रवर्तन उरलेल्या अर्ध्यांनी पुसून टाकलं होतं. कॉइल उलगडावी लागली नाही. मधला जोड सोडवून वरच्या भागाची टोकं अदलाबदल केली आणि तीच कॉइल आजही वापरात आहे.

आता टोकं. इनॅमल हा वार्निशासारखा पारदर्शक थर असतो, त्यामुळे तार उघडीच आहे असं वाटतं. शेवटचे २-३ सेंमी पॉलिश पेपरच्या घडीत धरून, तार फिरवत फिरवत ओढा. तपकिरी-लालसर चमक जाऊन फिकट गुलाबी धातू सगळ्या बाजूंनी दिसला म्हणजे झालं. एकाच बाजूने खरवडलं तर क्लिप नेमकी दुसऱ्या बाजूला टेकते.

तपासणी: मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं मोजा. ५०० वेढ्यांच्या कॉइलला १५ ओहमच्या आसपास आणि २५० च्या कॉइलला त्याच्या साधारण निम्मा आकडा आला तर पुढे चला. आकडा स्थिर नसेल तर इनॅमल पुरतं निघालेलं नाही. रोध अनंत दिसला तर तार कुठेतरी तुटली आहे.

सावधान: कॉइल धातूच्या नळीवर गुंडाळू नका. ती नळी म्हणजे एक बंद वेढाच होतो, आणि तिच्यातली धारा आपल्याला दाखवायच्या बदलाला विरोध करत बसते.

शेवटी, वेढे कोणत्या दिशेने घातले आहेत ते दाखवणारा बाण नळीच्या तोंडावर मार्करने काढा आणि सुरुवातीच्या टोकाला रंगीत दोरा बांधा. आत्ता ते क्षुल्लक वाटेल. टप्पा ७ मध्ये त्याच्यावाचून अडतं.

## टप्पा २: चुंबक आणि गॅल्व्हॅनोमीटर तपासणे

पट्टीचुंबकाच्या रंगावर विश्वास ठेवू नका. वर्षानुवर्षं कपाटात कसेही पडलेले चुंबक दुबळे होतात, आणि क्वचित त्यांचे ध्रुव उलटलेलेही सापडतात. चुंबकसूची घ्या. सूचीचं दक्षिण टोक ज्याच्याकडे ओढलं जातं तो चुंबकाचा उत्तर ध्रुव. रंग चुकीचा असेल तर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर उ आणि द लिहा.

गॅल्व्हॅनोमीटर सपाट ठेवून काटा शून्यावर आणा. मग धारा कोणत्या टर्मिनलमधून आत शिरली की काटा कुठे जातो ते नोंदवा. त्यासाठी एक सेल आणि १० किलोओहमचा रोधक एकसरीत जोडून क्षणभर टेकवा. दीड व्होल्टला ही धारा ०.१५ मिलिअँपिअर होते. शाळेतल्या नेहमीच्या मीटरचा काटा तेवढ्याने काही घरं सरकतो आणि मीटर सुखरूप राहतो. ‘लाल टर्मिनलमधून धारा आत, काटा उजवीकडे’ असं जे दिसेल ते कागदावर लिहून मीटरवरच चिकटवा.

सावधान: सेल थेट गॅल्व्हॅनोमीटरला जोडू नका, ‘फक्त एकदा बघू’ म्हणूनसुद्धा नाही. काटा आदळून वाकतो किंवा आतली बारीक कॉइल जळते.

आता या मीटरचा एक स्वभाव समजून घ्या, कारण पुढची निम्मी गडबड त्याच्यापोटी होते. काट्याला वजन आहे. त्याला हलायला आणि परत यायला साधारण सेकंदभर लागतो. धारेचा झटका त्याहून खूप लहान असेल तर काटा त्या झटक्याची उंची दाखवत नाही, एकूण किती विद्युतप्रभार वाहून गेला ते दाखवतो. हे टप्पा ४ आणि ५ साठी लक्षात राहू द्या.

## टप्पा ३: मांडणी आणि कोरी चाचणी

कॉइल आणि गॅल्व्हॅनोमीटर यांच्यात निदान एक मीटर अंतर ठेवा, जमलं तर जास्त. मीटरच्या आतही चुंबकच आहे. बाहेरचा चुंबक जवळ आला की काटा कुठलीही प्रवर्तित धारा नसताना डळमळतो. शक्य असेल तर मीटर वेगळ्या टेबलावर असावा, म्हणजे हाताचे धक्केही त्याच्यापर्यंत जात नाहीत.

मागच्या बाकांना काटा दिसायला हवा. फोनचा कॅमेरा मीटरवर रोखून चित्र पडद्यावर टाकणं सोपं आहे, पण दोन अडचणी लक्षात घ्या. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, म्हणून फोन मीटरला टेकवू नका. आणि चित्र पडद्यावर पोचायला कधी कधी अर्धा सेकंद उशीर होतो. मग चुंबक थांबल्यावर काटा हलतोय असं मुलांना दिसतं, आणि नेमका तोच गैरसमज आपल्याला टाळायचा असतो. उशीर जाणवत असेल तर पडदा बंद करा आणि मुलांना गटागटाने मीटरभोवती उभं करा.

काटा आणि चुंबक एकाच वेळी दिसणं किती मोलाचं आहे याचा एक जुना दाखला आहे. १८२५ मध्ये जिनिव्हाचे भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ-दानिएल कोलादों यांनी हाच प्रयोग केला होता. चुंबकाचा परिणाम मीटरवर होऊ नये म्हणून त्यांनी मीटर शेजारच्या खोलीत ठेवला. चुंबक कॉइलमध्ये घालून ते चालत तिकडे पोचेपर्यंत काटा शून्यावर परतलेला असे.

आता मुलांसमोर कोरी चाचणी करा:

१. एक जोडतार काढून टाका. परिपथ तुटलेला आहे.
२. चुंबक कॉइलमध्ये जोरात आत-बाहेर करा.
३. काटा जराही हलता कामा नये.

हलला, तर अंतर वाढवा आणि पुन्हा करा. या अर्ध्या मिनिटाने पुढच्या सगळ्या निरीक्षणांना वजन येतं, कारण ‘चुंबकाने काटा ओढला असेल’ ही शंका इथेच निकालात निघते.

## टप्पा ४: पहिलं विचलन

तार पुन्हा जोडा. ५०० वेढ्यांची कॉइल घ्या. चुंबक हातात धरा, पण हलवू नका. आधी मुलांना विचारा: चुंबक आत नेताना, आत स्थिर ठेवल्यावर आणि बाहेर काढताना काटा काय करेल? तिन्ही उत्तरं वहीत लिहून घ्या. आत ठेवल्यावर काटा सरकलेलाच राहील, असं बरीच मुलं लिहितात. लिहू द्या.

१. उत्तर ध्रुव पुढे करून चुंबक साधारण अर्ध्या सेकंदात कॉइलच्या मध्यापर्यंत न्या आणि तिथेच थांबा.
२. काटा एका बाजूला जाऊन शून्यावर परतेपर्यंत हात हलवू नका.
३. चुंबक आत तसाच ठेवून मनात पाच अंक मोजा. काटा शून्यावरच राहतो.
४. चुंबक तितक्याच वेगाने बाहेर काढा. काटा विरुद्ध बाजूला जातो.

सगळ्यात जास्त चूक पहिल्या पायरीत होते. उत्साहाच्या भरात चुंबक कॉइलमधून आरपार नेला जातो. आत शिरताना एका दिशेचा झटका, बाहेर पडताना उलट दिशेचा, दोन्ही मिळून जेमतेम पाव सेकंदात. काट्याला दोन्हीकडून सारखेच धक्के बसतात आणि तो जागच्या जागी थरथरतो. शिक्षकाला वाटतं चुंबक कमजोर आहे, म्हणून तो आणखी जोरात आरपार नेतो, आणि थरथर आणखी कमी होते.

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पाच सेकंद शांतता वर्गात फार मोठी वाटते, तरी पुरी होऊ द्या. चुंबक आत आहे, बलरेषा आहेत, आणि धारा नाही.

तपासणी: चांगल्या पट्टीचुंबकाने काटा निदान ५-६ घरं सरकायला हवा. एक-दोनच घरं सरकला तर आधी टोकं पुन्हा खरवडा, मग चुंबक बदलून पाहा.

सावधान: पट्टीचुंबकाच्या जागी थेट निओडिमियम लावला तर काटा टोकाला जाऊन आपटतो. वापरायचाच असेल तर परिपथात आधी १०० ओहमचा रोधक एकसरीत घाला आणि लागेल तसा वाढवा. हे चुंबक एकमेकांवर आदळले की बोट चिमटतं आणि चुंबकाच्या कपच्या उडतात. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांनी यांच्यापासून दूर राहावं.

यानंतर तीन छोटे प्रश्न विचारा, आधी अंदाज आणि मग कृती याच क्रमाने. चुंबक स्थिर ठेवून कॉइल त्याच्यावर सरकवली तर? (काटा हलतो.) चुंबक आणि कॉइल एकाच हातात धरून दोन्ही मिळून हलवले तर? (हलत नाही.) आणि चुंबक कॉइलच्या मध्यभागी ठेवून त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती गिरमिटासारखा फिरवला तर? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. चुंबक फिरतोय, तरी काटा शून्यावर. ‘चुंबक हलला की वीज’ असं पाठ केलेल्यांची इथे गाडी अडते, आणि बलरेषांची संख्या बदलली का, या प्रश्नाकडे त्यांना आपोआप वळावं लागतं.

## टप्पा ५: वेग

पुस्तकात वाक्य आहे: वेग जास्त तर धारा जास्त. वर्गात काय होतं? शिक्षक ‘भराभर’ आणि ‘अतिभराभर’ असे दोन वेग दाखवतो, आणि काटा दोन्ही वेळा जवळपास तितकाच सरकतो. मग ‘थोडं जास्त आहे, नीट बघा’ असं सांगून वेळ मारून न्यावी लागते.

दोष नियमाचा नाही, काट्याचा आहे. चुंबक ०.१ सेकंदात गेला काय आणि ०.२ सेकंदात गेला काय, सेकंदभर घेणाऱ्या काट्याला दोन्ही झटकेच. वाहिलेला एकूण प्रभार बलरेषांतल्या एकूण बदलावर, वेढ्यांवर आणि परिपथाच्या रोधावर अवलंबून असतो, वेगावर नाही. म्हणून विचलन सारखं.

उपाय सोपा आहे. तुलना ‘भराभर’ आणि ‘खरोखर हळू’ यांच्यात करा:

१. चुंबक कॉइलच्या तोंडापासून मध्यापर्यंत चार सेकंदांत न्या. कोणालातरी मोठ्याने अंक मोजायला लावा. काटा कष्टाने एक-दोन घरं सरकतो, पण हात चालू असेपर्यंत शून्यावर परतत नाही.
२. तेच अंतर अर्ध्या सेकंदात कापा. काटा कितीतरी जास्त सरकतो आणि लगेच परततो.

वरिष्ठ वर्गासाठी स्टोरेज ऑसिलोस्कोप (क्षणिक विभवांतराचा आलेख पडद्यावर धरून ठेवणारं यंत्र) मिळाला तर ही अडचणच उरत नाही. निओडिमियम चुंबक कॉइलच्या वर २० सेंमीवरून सोडा आणि तो कॉइलमधून आरपार पडू द्या. सुरुवातीला प्रति चौकट १ व्होल्ट आणि १० मिलिसेकंद ठेवा, ट्रिगर एकवेळचा. पडद्यावर विरुद्ध दिशांचे दोन उंचवटे दिसतील. दुसरा पहिल्यापेक्षा उंच आणि अरुंद, कारण बाहेर पडेपर्यंत चुंबकाचा वेग वाढलेला असतो. दोन्हींखालचं क्षेत्रफळ मात्र सारखंच. टप्पा ४ मध्ये काटा नुसता थरथरत का होता, त्याचं उत्तर या चित्रात आहे.

## टप्पा ६: वेढे आणि चुंबकाची ताकद

२५० वेढ्यांची कॉइल काढून ५०० ची जोडली, विचलन मोजलं, दुप्पट आलं नाही. हे हमखास होतं, कारण वेढ्यांबरोबर कॉइलचा रोधही बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम आपणच मुलांना शिकवतो आणि इथे आपणच मोडतो.

दोन्ही कॉइल कायम एकसरीत जोडून ठेवा, एकमेकींपासून निदान ३० सेंमी दूर. मग तोच चुंबक, त्याच वेगाने, आधी एकीत न्या आणि मग दुसरीत. परिपथाचा एकूण रोध दोन्ही वेळा तोच, त्यामुळे फरक फक्त वेढ्यांचा. प्रत्येकी तीन-तीन वाचनं घ्या. हाताचा वेग दर वेळी सारखा राहत नाही.

ताकदीसाठी दोन पट्टीचुंबक एकत्र धरा, समान ध्रुव एका बाजूला ठेवून. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून रबरबँडने आवळा. विरुद्ध ध्रुव शेजारी आले तर ते आनंदाने चिकटतात आणि विचलन जवळजवळ नाहीसं होतं. चूक म्हणून वाईट, पण मुद्दाम करून दाखवायला उत्तम.

## टप्पा ७: दिशा

लेंझचा नियम (प्रवर्तित धारा ज्या बदलामुळे निर्माण होते त्यालाच विरोध करते) फळ्यावर सांगून पुढे जाण्याचा मोह इथे फार होतो, कारण दिशा तपासायला तयारी लागते. ती तयारी टप्पा १ आणि २ मध्ये झालेली आहे: वेढ्यांचा बाण, रंगीत दोरा आणि मीटरवर चिकटवलेला कागद.

१. प्रश्न मांडा: उत्तर ध्रुव कॉइलकडे येतोय. त्याला विरोध करायचा तर कॉइलच्या जवळच्या तोंडाशी कोणता ध्रुव तयार व्हायला हवा? उत्तर ध्रुव.
२. तोंडाशी उत्तर ध्रुव म्हणजे चुंबकाच्या बाजूने पाहिल्यावर धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने.
३. नळीवरच्या बाणाशी ही दिशा ताडून, धारा कॉइलच्या कोणत्या टोकातून बाहेर पडेल ते ठरवा. दोऱ्याच्या की दुसऱ्या?
४. ते टोक मीटरच्या ज्या टर्मिनलला जोडलं आहे ते पाहा. कागदावरच्या नोंदीप्रमाणे काटा कुठे जाईल ते फळ्यावर लिहा.
५. आता चुंबक आत न्या.

तिसऱ्या पायरीवर जवळजवळ प्रत्येक वर्ग अडखळतो. मुलांना वाटतं धारा मीटरमधून कॉइलमध्ये ‘येते’. इथे सेलचं काम कॉइल करते आहे. धारा कॉइलमधून बाहेर पडते, मीटरमधून जाते आणि कॉइलमध्ये परतते. हे बोलून दाखवा आणि बोट तारेवरून फिरवत न्या.

अंदाज चुकला तर नियमावर संशय घेण्याआधी ध्रुव, बाण आणि मीटरवरची नोंद या क्रमाने तपासा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा बाणच उलटा काढलेला असतो, कारण नळी गुंडाळताना एका बाजूने पाहिली जाते आणि बाण दुसऱ्या तोंडावर काढला जातो.

## टप्पा ८: काहीही न हलवता

२५० वेढ्यांची कॉइल, दोन सेल, रिओस्टॅट आणि टॅपिंग की यांचा एक परिपथ. ५०० वेढ्यांची कॉइल आणि गॅल्व्हॅनोमीटर यांचा दुसरा. दोन्ही कॉइल एकाच सरळ रेषेत, तोंडाला तोंड लावून. दोन परिपथांमध्ये तारेचा कुठलाही जोड नाही हे मुलांना हात लावून पाहू द्या.

रिओस्टॅट आधी शून्य रोधावर ठेवा. की दाबली: काटा बहुधा जेमतेम हलतो किंवा हलतच नाही. आता लोखंडी कांब दोन्ही कॉइलमधून आरपार सरकवा आणि पुन्हा दाबा. काटा झटक्यात काही घरं सरकून परत येतो. की दाबलेली आहे, धारा वाहते आहे, काटा शून्यावर. की सोडली: काटा उलट बाजूला. मग की दाबून ठेवूनच रिओस्टॅटचा सरकता भाग झर्रकन हलवा. धारा बंद न होताही काटा सरकतो, त्यामुळे ‘चालू-बंद केल्याने होतं’ हा पळवाटेचा अर्थही मिटतो.

विचलन फारच लहान असेल तर दोनऐवजी चार सेल घ्या, पण की क्षणभरच दाबा. बारीक तारेची कॉइल चटकन तापते. ट्रान्सफॉर्मरसारखा बंद चौकटीचा गाभा असेल तर विचलन बरंच मोठं मिळतं. फक्त त्यात पहिल्यांदा की दाबल्यावर काटा भरपूर आणि नंतरच्या प्रत्येक वेळी कमी सरकताना दिसला, तर गाभ्यात चुंबकत्व शिल्लक राहतंय असं समजा.

सावधान: हा प्रयोग घरगुती वीजपुरवठ्यावर कधीही करू नका. सेलवरसुद्धा, गाभा घातलेल्या कॉइलची धारा तोडताना उघड्या टोकांना बोट लावू नका. त्या क्षणी कॉइलमध्ये सेलच्या कितीतरी पट विभवांतर निर्माण होतं आणि झिणझिणी बसते.

## टप्पा ९: नळीतून पडणारा चुंबक

तास संपायला दहा मिनिटं असतील तरच हे काढा. आधी दाखवलंत तर बाकी काहीच कोणी ऐकणार नाही.

नळी चुंबकाला चिकटत नाही, हे पहिल्यांदा सगळ्यांना दाखवा. मग चुंबकाच्याच आकाराचा, चुंबकत्व नसलेला पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा नळीतून सोडा. एक मीटर नळीतून तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. त्यानंतर चुंबक. तांब्याची जाड भिंतीची नळी आणि नेमका बसणारा चुंबक असेल तर तो कित्येक सेकंद घेतो. एखाद्या मुलाला वरून नळीत डोकावू द्या: चुंबक भिंतींना जेमतेम स्पर्श करत, पाण्यात बुडणाऱ्या दगडापेक्षाही संथ उतरताना दिसतो.

नळी म्हणजे एकावर एक रचलेले एकेका वेढ्याचे बंद कॉइल, इतकं सांगितलं की टप्पा ७ मधलं स्पष्टीकरण मुलं स्वतःच लावतात. ‘मग ऊर्जा कुठे गेली?’ हा प्रश्न येतोच. नळी तापते. पण २० ग्रॅमचा चुंबक एक मीटर उतरताना सुमारे ०.२ जूल ऊर्जा देतो, आणि ४०० ग्रॅम तांब्याचं तापमान त्याने अंशाच्या हजाराव्या भागाएवढंच वाढतं. हाताला काही कळणार नाही.

नेहमीच्या दोन चुका: नळी चुंबकापेक्षा फार रुंद घेणे (अडथळा नगण्य राहतो), आणि खाली काहीच न अंथरणे. निओडिमियम ठिसूळ असतो. घडी केलेलं जाड कापड ठेवा.

## काटा हलत नसेल तर, या क्रमाने

१. जोडतारा घट्ट आहेत का? प्रत्येक टोक हलकेच ओढून पाहा.
२. इनॅमल सगळ्या बाजूंनी निघालं आहे का?
३. कॉइलचा रोध अपेक्षेइतका आहे का?
४. चुंबक आरपार जातोय का?
५. मीटर जिवंत आहे का? १० किलोओहम आणि सेलने पुन्हा बघा.
६. चुंबक चुंबकसूचीला लांबूनच हलवतो, की अगदी टेकल्यावर?
७. वेढे एकाच दिशेने आहेत का?

सातवं कारण शेवटी ठेवलं आहे, कारण ते शोधायला वेळ लागतो. पहिल्या दोनांतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

## आवरताना

पट्टीचुंबक जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे, मध्ये लाकडी पट्टी आणि दोन्ही टोकांना मृदू लोखंडाचे तुकडे लावून ठेवा. निओडिमियम वेगळ्या डब्यात, मीटरपासून दूर.

गॅल्व्हॅनोमीटर उचलण्याआधी त्याची दोन्ही टर्मिनल एका तारेने एकमेकांना जोडा. मग मीटर हातात धरून सावकाश डावी-उजवीकडे फिरवा आणि काट्याकडे बघा. तार काढा, पुन्हा तसंच फिरवा. तार नसताना काटा सैल डोलतो. तार असताना आखडल्यासारखा हलतो, कारण काट्याबरोबर फिरणारी कॉइल मीटरच्याच चुंबकात स्वतःपुरती धारा निर्माण करते आणि ती धारा काट्याला धरून ठेवते. साहित्य कपाटात पोचवणाऱ्या मुलाच्या हातात हा मीटर द्या आणि तार का लावली, ते त्यालाच विचारा.